पार्सल उघडायला किती दिवस थांबायचं?

प्रिय ताई,

मी विणकाम करते. हाताने रंगवलेली लोकर मी परदेशातून मागवते. पार्सल यायला साधारण दोन आठवडे लागतात. २०२१ मध्ये माझे सासरे करोनाने गेले. तेव्हापासून माझे पती परदेशातून आलेल्या कुठल्याही वस्तूला लगेच हात लावू देत नाहीत. खोका चौदा दिवस गॅलरीत पडून राहतो. मग ते त्यावर ब्लीचचं पाणी फवारतात, आतल्या सामानावरसुद्धा. गेल्या महिन्यात एक लडी अशी झाली की धागा नुसता ओढला तरी तुटतो. आता सासूबाईंची किमोथेरपी सुरू आहे. त्यामुळे यांची धास्ती आणखी वाढली आहे आणि मलाही त्यांना चूक म्हणवत नाही. बीजिंगमध्ये कॅनडाहून आलेल्या टपालातून लागण झाली होती, ती बातमी ते मला दाखवतात. सगळ्यात वाईट वाटतं ते मुलीचं. ती आठ वर्षांची आहे. पार्सल आलं की दुसऱ्या खोलीत जाऊन बसते आणि दिवसातून इतक्यांदा हात धुते की बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या आहेत. परदेशी पार्सलमधून खरंच विषाणू येतो का? मी मागवणं बंद करू का?

एक वाचक


प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वाचनात लेकीच्या बोटांवरच्या भेगांपाशी अडकले. त्याबद्दल लिहिणारच आहे, पण आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते उत्तर घरातल्या सगळ्यांना एकदाच नीट कळायला हवं.

लोकर मागवणं बंद करू नका. दोन आठवडे प्रवास करून आलेल्या कोरड्या पार्सलमधून करोना किंवा फ्लूसारखा श्वसनाचा विषाणू जिवंतपणे तुमच्या घरात पोचेल, ही भीती मनातून काढून टाकायला हरकत नाही. खोका आला त्याच दिवशी उघडा, वेष्टण टाकून द्या आणि साबणाने हात धुवा. ब्लीचची बाटली मात्र आजपासून पार्सलच्या आसपासही नको.

हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. माझी नोकरीची बहुतेक वर्षं विषाणूंच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे आमची धडपड नेमकी तुमच्या यजमानांच्या उलट असायची. विषाणू मरावा म्हणून ते झटतात, आम्ही तो जगावा म्हणून झटायचो, आणि तो जगत नसे. रुग्णाच्या नाकातून घेतलेला नमुना एका खास गुलाबी द्रावणात बुडवायचा, बर्फात ठेवायचा, लगेच वापरायचा नसेल तर उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये टाकायचा. दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेला पाठवायचा तर एकात एक अशा तीन आवरणांत बांधायचा, भोवती कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, भरायचा. त्या बर्फाचं तापमान उणे ७८ अंश असतं. एवढं करूनही काही नमुने वाटेतच वाया जायचे आणि ते आम्ही धरूनच चालायचो.

त्यातलं एक पार्सल मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. सुट्ट्यांमुळे ते वाटेत कुठेतरी सहा दिवस अडकलं. खोका उघडला तर कोरडा बर्फ कधीच उडून गेलेला, थर्माकोलच्या तळाशी कुप्या तशाच उभ्या. झाकणं घट्ट, चिठ्ठ्या कोरड्या, द्रावण गुलाबीच. वरून बघून काहीही बिघडलं आहे असं वाटलं नसतं. पीसीआर केला तर पॉझिटिव्ह आला. मग त्याच कुपीतले थेंब आम्ही माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींवर सोडले. विषाणू जिवंत असेल तर दोन-चार दिवसांत या पेशी गोल होतात, तळापासून सुटतात, मध्ये भोकं पडल्यासारखी दिसतात. मी आठवडाभर रोज सकाळी ती बाटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशी शेवटपर्यंत फरशी घातल्यासारख्या एकमेकींना चिकटून शांत बसलेल्या. विषाणूच्या खुणा होत्या, पण त्यात जीव नव्हता. विझलेल्या शेकोटीत राख सापडते आणि तिथे जाळ होता हे कळतं, पण त्या राखेने हात भाजत नाही. पीसीआर चाचणी ही राख ओळखते. आग आहे का, हे तिला विचारता येत नाही.

विषाणू जगावा म्हणून मुद्दाम बांधलेल्या पार्सलची ही अवस्था असेल, तर कोरड्या लोकरीच्या, साध्या पुठ्ठ्याच्या, दोन आठवडे गोदामांतून आणि ट्रकमधून फिरलेल्या खोक्याचं काय होत असेल?

करोनाचा विषाणू, फ्लूचा विषाणू यांच्याभोवती चरबीचं पातळ वेष्टण असतं. ते ओलसर थेंबात असतं तोवर ठीक असतं. थेंब सुकला, ऊन लागलं, उष्णता वाढली की ते फाटतं, आणि ते फाटलं की विषाणू कामातून गेला. साबणही हेच करतो, चरबी सोडवतो. शिवाय विषाणू पृष्ठभागावर वाढू शकत नाही. त्याला वाढायला जिवंत पेशी लागते, त्यामुळे खोक्यावर पडलेल्या क्षणापासून त्याची संख्या फक्त घटत जाते.

ती किती वेगाने घटते, हे मोजलेलं आहे. मार्च २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटा अहवाल आला. त्यात करोनाचा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत, स्टीलवर ४८ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि तांब्यावर ४ तासांपर्यंत जिवंत सापडल्याचं म्हटलं होतं. तुमच्या यजमानांची भीती बहुधा याच आकड्यांवर उभी आहे, कारण तेव्हा हेच आकडे घरोघरी पोचले. ७२ तास हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मागे राहिली: साधारण २१ ते २३ अंश तापमानाला प्लास्टिकवर दर ६.८ तासांनी विषाणू निम्मे होत होते.

निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं असं करत गेलं की काय होतं, हे कागदावर मांडून बघा. पहिल्या दिवसाअखेर सुमारे अकरावा हिस्सा उरतो. तीन दिवसांनी दीड हजारातला एक. त्याच वेगाने दहाव्या दिवसाचा हिशेब केला तर तीन हजार कोटींहून जास्त विषाणूंमागे एक उरतो. तेवढे विषाणू एखाद्याने तुमच्या पार्सलवर शिंकून ठेवले होते असं मानायलाही मन धजत नाही. पुठ्ठ्यावर तर ही घट आणखी वेगाने होते. म्हणजे तुमचे यजमान गॅलरीत जे चौदा दिवस मोजतात, ते पार्सलने वाटेतच पुरे केलेले असतात.

तुम्हाला ते कदाचित ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगाबद्दलही सांगतील, ज्यात काचेवर आणि नोटांवर विषाणू २८ दिवस टिकला होता. तो प्रयोग खरा आहे, २०२० सालचाच. पण तो पूर्ण अंधारात, २० अंशांच्या स्थिर तापमानात केला होता. त्याच प्रयोगात ४० अंशांना तोच विषाणू दोन दिवसही टिकला नाही. शिवाय अशा बहुतेक प्रयोगांत पृष्ठभागावर सोडलेल्या विषाणूंची संख्या फार मोठी असते, कारण कमी घेतले तर मोजायला काही उरतच नाही. अमेरिकेतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ इमॅन्युएल गोल्डमन यांनी जुलै २०२० मध्येच लॅन्सेटच्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात हेच दाखवून दिलं होतं: प्रयोगशाळेत ओतलेले विषाणू आणि खोकणाऱ्या माणसाकडून वस्तूवर प्रत्यक्षात पडणारे विषाणू यांचा मेळ बसत नाही. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागण्यातून लागण होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी आहे. हे दूषित पृष्ठभागाबद्दल आहे. तुमचं पार्सल दूषित असण्याचीच शक्यता आधी किती कमी, ते वर पाहिलंच.

आता बीजिंग. जानेवारी २०२२ मध्ये तिथे ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण सापडला. त्या व्यक्तीला कॅनडाहून अमेरिका आणि हाँगकाँगमार्गे टपाल आलं होतं आणि त्यावर विषाणूच्या खुणा मिळाल्या, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. ही बातमी खोटी नव्हती, पण तिच्यातला निष्कर्ष कच्चा होता आणि बाहेरच्या बऱ्याच तज्ज्ञांनी तो मानला नाही. टपालावर मिळाल्या त्या खुणा, म्हणजे राख. आणि ज्या शहरात विषाणू माणसांतून न कळत फिरत असू शकतो, तिथे पाकिटाकडे बोट दाखवायला पाकिटाशिवाय दुसरा मार्ग नव्हता हे सिद्ध करावं लागतं. ते झालं नाही. त्या काळात जगभर रोज किती पार्सलं इकडून तिकडे जात होती, याचा विचार करा. टपाल हा खरा रस्ता असता तर तो एका पाकिटापुरता राहिला नसता.

एक अपवाद मात्र मी लपवणार नाही. थंडी. गोठवलेल्या अवस्थेत विषाणू बराच काळ टिकतो. आम्ही त्याला फ्रीझरमध्ये ठेवायचो ते त्यासाठीच. ऑक्टोबर २०२० मध्ये चिंगदाओ बंदरात गोठवलेल्या आयात माशांच्या वेष्टणावर जिवंत विषाणू मिळाल्याचं चीनच्या रोग नियंत्रण केंद्राने सांगितलं होतं. अशा गोठवलेल्या मालाची दिवसभर हाताळणी करणाऱ्या कामगाराने हातमोजे घालावेत, तोंडाला हात लावू नये, हे योग्यच आहे. लोकर गोठवून पाठवत नाहीत.

पण तुम्ही लोकर मागवता, म्हणून एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. परदेशी मालातून आजार येतो ही भीती हवेतून आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत बाहेरच्या देशांतून मोहेर (एका जातीच्या बकरीची लोकर) आणि अल्पाका (उंटाच्या कुळातल्या प्राण्याची लोकर) यांच्या गाठी यायच्या. त्या फोडून लोकर निवडणारे कामगार धडधाकट असताना अचानक आजारी पडायचे आणि दोन-चार दिवसांत जायचे. लोक त्याला लोकर निवडणाऱ्यांचा आजार म्हणत. १८८० च्या सुमारास तिथले डॉक्टर जॉन हेन्री बेल यांनी तो अँथ्रॅक्स असल्याचं दाखवलं. पुढे १९२१ मध्ये लिव्हरपूलला बाहेरून आलेली लोकर निर्जंतुक करायला सरकारी केंद्रच उघडावं लागलं. तेव्हा ती भीती रास्त होती आणि ती दूर करायला माणसांनी मोठं काम केलं.

मात्र अँथ्रॅक्स विषाणूमुळे होत नाही. तो जिवाणूचा आजार आहे, आणि हा जिवाणू परिस्थिती बिघडली की बीजाणू बनवतो. बीजाणू म्हणजे कठीण कवचातलं झोपलेलं बी. ते मातीत, कातड्यात, न धुतलेल्या केसांत वर्षानुवर्षं टिकतं. करोनाच्या किंवा फ्लूच्या विषाणूला असलं कवच नाही, त्याला झोपता येत नाही. हा फरक तुमच्या यजमानांना जरूर सांगा, कारण त्यात तुमच्यासाठी एक खरी खबरदारीही आहे. तुम्ही कातून, धुऊन, रंगवून आलेली लोकर घेता. रंगवताना ती गरम पाण्यातून निघालेली असते. ती निर्धास्त घ्या. पण मेंढीच्या अंगावरून उतरवलेली, तेलकट, मातीने भरलेली कच्ची लोकर स्वस्त मिळते म्हणून अनोळखी विक्रेत्याकडून मागवू नका. न कमावलेलं कातडं ताणून बसवलेली वाद्यंही तशीच. सासूबाईंची प्रतिकारशक्ती खाली असताना तर असलं काही घरात नकोच.

वापरलेल्या वस्तूंबद्दलही एक ओळ. कुणी वापरलेले कपडे, चादरी आल्या तर घालण्याआधी धुवा. वापरलेले वस्तरे, कान टोचायच्या सुया, टोचून घालायचे दागिने मात्र कुठूनच मागवू नका. हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस टिकू शकतो आणि त्याला शिरायला एक बारीक जखम पुरते.

आता ब्लीचकडे येते. तुमची लडी का तुटली माहीत आहे? लोकर म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखंच. ब्लीच सुताला पांढरं करतं, पण लोकरीला पिवळं पाडतं आणि मग विरघळवतं. धागा मलूल होतो, चिकट लागतो, आणि ओढला की तुटतो. तोच फवारा तुमच्या यजमानांच्या नाकात जातो, गॅलरीचं दार उघडं असेल तर सासूबाईंच्या खोलीत जातो. किमो चालू असताना तोंडाचं, घशाचं अस्तर आधीच हुळहुळं झालेलं असतं. त्यात कधी घाईत ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्लाचं द्रावण एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, तो बंद जागेत जीव घेऊ शकतो. ब्लीच अमोनिया असलेल्या क्लीनरमध्येही मिसळू नये. मे २०२० मध्ये अमेरिकेत ५०२ प्रौढांची पाहणी झाली, त्यातल्या ३९ टक्के लोकांनी संसर्ग टाळण्यासाठी असले धोक्याचे उपाय केल्याचं सांगितलं. कुणी अन्न ब्लीचमध्ये धुतलं होतं, कुणी जंतुनाशक अंगाला लावलं होतं. ती सगळी आपल्या माणसांना जपायला निघालेली माणसं होती, तुमच्या यजमानांसारखीच. मीही त्या वसंतात बाहेरून आलेली एकूणएक वस्तू पुसत होते. तेव्हा आमच्या हाती तेवढीच माहिती होती आणि जपून राहणं बरोबर होतं. पुढे जास्त कळलं, तसं मी ते थांबवलं.

खोका चौदा दिवस गॅलरीत ठेवण्याबद्दल मला याहून जास्त काळजी वाटते. उघड्यावर पुठ्ठा दमट होतो आणि दमट पुठ्ठ्याला बुरशी धरते. तिचे कण हवेत उडतात. निरोगी माणसाला त्याचं सहसा काही होत नाही, पण किमोमुळे पांढऱ्या पेशी घसरलेल्या माणसाला बुरशीचा फुप्फुसाचा आजार गंभीर होऊ शकतो. म्हणजे आईला वाचवायला जे चाललं आहे, त्यातूनच आईच्या वाट्याला धोका येऊ शकतो. खोका ओला झालेला, कुबट वास येणारा असेल तर तो दाराबाहेरच उघडा, सामान काढून घ्या आणि पुठ्ठा लगेच टाकून द्या. सासूबाईंच्या खोलीत खोके साठवू नका, आणि उघडायचं काम त्यांनी करायचं नाही. एवढं पुरे आहे.

पिवळ्या तापाची गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. अमेरिकेत हा ताप आला की लोक आजाऱ्याच्या गाद्या जाळायचे, गावाहून निघालेल्या पत्रांना भोकं पाडून आत गंधकाचा धूर द्यायचे. रोग कपड्यालत्त्यांतून, कागदातून जातो असा पक्का समज होता. १९०० च्या अखेरीस क्युबामध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या पथकाने एक लाकडी घर बांधलं, त्याच्या खिडक्या बंद ठेवल्या, आत शेगडी पेटवून ऊब राखली. रुग्णांच्या ओकाऱ्यांनी आणि मळाने भरलेल्या चादरींच्या पेट्या तिथे आणून उघडल्या. डॉक्टर रॉबर्ट कुक आणि दोन सैनिक त्या चादरी पांघरून वीस रात्री तिथे झोपले. वास सहन न होऊन ते पहिल्यांदा बाहेर पळाले होते, पण परत आत गेले. तिघांपैकी कुणालाही ताप आला नाही. शेजारी दुसरं स्वच्छ घर होतं, हवेशीर, मध्ये जाळी घालून दोन भाग केलेलं. एका भागात रुग्णांना चावलेले डास सोडले होते. त्या बाजूला थांबलेला स्वयंसेवक आजारी पडला, जाळीपलीकडचे ठणठणीत राहिले. तोवर कित्येक वर्षं सगळं लक्ष चादरींकडे आणि पत्रांकडे होतं, आणि उघड्या खिडकीतून डास येत होते.

तुमच्या घरातही खरी वाट दुसरीच आहे. सासूबाईंना करोना, फ्लू किंवा साधी सर्दी झाली तर ती जवळ बसून बोलणाऱ्या, खोकणाऱ्या, मिठी मारणाऱ्या माणसाकडून होईल. तुम्ही, यजमान, शाळेतून आलेली लेक, भेटायला आलेले पाहुणे. म्हणून यजमानांच्या हातातली ब्लीचची बाटली काढून घेताना त्यांचे हात रिकामे ठेवू नका. ज्याने वडील गमावले आहेत, त्या माणसाला आई सांभाळायला काहीतरी करायचं आहे. त्यांना खरं काम द्या.

थर्मामीटर त्यांच्या ताब्यात द्या. किमो चालू असताना ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या घरात गेला तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं, गोळी देऊन वाट बघायची नसते, त्याच वेळी रुग्णालयाला फोन करायचा असतो. त्या फोनचा नंबर फ्रीजवर चिकटवणं, रात्रीचं वाहन ठरवून ठेवणं, कागदांची पिशवी दाराशी तयार ठेवणं, हे सगळं ते करू शकतात. घरातल्या कुणाकुणाला फ्लूची लस घ्यायची, कधी घ्यायची, हे सासूबाईंच्या डॉक्टरांना त्यांनीच विचारावं. ज्या पाहुण्याला शिंका येत आहेत त्याला प्रेमाने पण ठामपणे परत पाठवणं हेही त्यांच्याकडे द्या, तुम्हाला सून म्हणून ते अवघड जात असेल. दिवसातून काही वेळ खिडक्या उघडायच्या. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले तर वेगळं संडास असेल तर ते वापरायचं आणि हात साबण-पाण्यानेच धुवायचे. उलट्यांच्या नोरोव्हायरसला वर सांगितलेलं चरबीचं वेष्टण नसतं, त्यामुळे तो पृष्ठभागावर बरेच दिवस टिकतो आणि सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. तो घरात येतो तोही बहुतेक वेळा माणसाकडूनच.

त्यांच्याशी बोलाल तेव्हा पार्सल दाराशी उभं असताना बोलू नका. त्या क्षणी भीती चढलेली असते. वर दिलेले आकडेही आधी पुढे करू नका. आधी सासऱ्यांबद्दल बोला. २०२१ च्या त्या दिवसांत शेवटचं काय बोलणं झालं, काय करता आलं नाही, कुठे उशीर झाला असं त्यांना वाटतं. माझा अंदाज आहे की गॅलरीतल्या खोक्याशी ते रोज याच प्रश्नांचं भांडण भांडत असतात. ते मोकळे झाले तर आकडे त्यांना आपोआप ऐकू येतील. तरीही एकदम सोडवत नसेल तर सुरुवातीला तीन दिवस कोरड्या कपाटात खोका ठेवा, पुढच्या वेळी एक दिवस, त्याच्या पुढच्या वेळी लगेच. ब्लीचवर मात्र तडजोड नाही. आणि हे सगळं करूनही त्यांची झोप उडाली असेल, छातीत धडधड होत असेल, तर समुपदेशकाकडे तुम्ही दोघं मिळून जा. दुःखाला धरून बसलेल्या भीतीवर चांगले उपचार आहेत.

आता तुमची लेक. तिला विषाणूबद्दल फारसं कळत नसेल, पण बाबा खोक्यापासून मागे सरतात हे ती रोज बघते आणि त्यावरून शिकते. तिच्या हातांवर आधी इलाज करा. कोमट पाणी, साधा सौम्य साबण, वीस सेकंद, मग हलकेच टिपायचे आणि ओलसर असतानाच जाडसर मलम. रात्री झोपताना परत मलम. भेगा पडलेली त्वचा जंतूंना वाट देते, म्हणून कमी धुतलेले हात आता तिच्यासाठी जास्त सुरक्षित आहेत, हे तिला याच शब्दांत सांगा. हात कधी धुवायचे तेही ठरवून द्या: जेवायच्या आधी, संडासाहून आल्यावर, बाहेरून आल्यावर, आजीजवळ जाण्याआधी, शिंकल्यावर. बाकी वेळी नाही. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, ती आकडे मोजून धुऊ लागली, थांबवलं तर रडू लागली किंवा शाळा टाळू लागली, तर बालमानसोपचार करणाऱ्यांना दाखवायला उशीर करू नका. या वयात ते लवकर सुटतं.

आणि पुढचं पार्सल तिच्यासोबत उघडा. जमिनीवर बसा, कात्री तिच्या हातात द्या, चिकटपट्टी तिला कापू द्या. बाबांनाही शेजारी बसवा, त्यांनी काही केलं नाही तरी चालेल, उठून जाऊ नये एवढंच सांगा. आतल्या लड्या तिला हाताळू दे, रंग लावून बघू दे. मग तिघांनी एकदाच हात धुवा. केस गेल्यावर सासूबाईंच्या डोक्याला रात्री गार लागत असेल. लेकीला त्यांच्या टोपीसाठी रंग निवडायला सांगा, लोकर मऊ, न टोचणारी बघा, आणि विणण्याआधी ती लडी तिच्याकडूनच कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन घ्या.

तुमची ताई